दारू सोडल्यानंतरचे पहिले नव्वद दिवस

(शाहूवाडी तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण भाताच्या सुधारित जाती, धूळवाफ पेरणी, नाचणीची रोपे आणि खोडव्याच्या खतमात्रा यांविषयी ऐकले. त्यानंतर एका डॉक्टरने उभे राहून दारूविषयी बोलावे, हे काहींना विषयाला सोडून वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या घरचा कर्ता माणूस दिवेलागणीला गुत्त्यावर असतो, त्या घरात उत्तम बियाणे नेऊन दिले तरी ते वापशावर पेरले जात नाही, आणि खताचे पोते कधी कधी बांधावर न जाता परत दुकानातच जाते. हे आपणांस माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी मात्र मी आलेलो नाही. ते पिणाऱ्यालाही माहीत असते. त्यावर कीर्तने झाली, पथनाट्ये झाली, शाळेच्या भिंती रंगवून झाल्या. ज्याविषयी फारसे कोणी बोलत नाही तेवढेच मी बोलणार आहे. एखाद्याने खरोखरच ठरवले की आजपासून बंद, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते? तिसऱ्या रात्री काय होते? पहिल्या महिन्यात घरच्यांनी काय करावे? सोडणारे पुष्कळ असतात. त्यांच्यातले बरेचजण या पहिल्या दिवसांतच परत फिरतात, आणि काहीजण जिवाला मुकतात.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. जत्रेला किंवा म्हाईला पिणारा आणि रोज पिणारा, हे दोन वेगळे रुग्ण आहेत. सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात, चहाची बशी धरवत नाही आणि एक घोट पोटात गेल्यावरच कंप थांबतो, त्याच्या शरीराला दारूची गरज लागलेली आहे. अशा माणसाने घरच्या घरी, एका दिवसात, शपथेच्या बळावर दारू तोडू नये. हे वाक्य ऐकून आपण चमकला असाल. डॉक्टर होऊन हा सोडू नका म्हणतो की काय? सोडावी, जरूर सोडावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, असे माझे म्हणणे आहे.

याचे कारण ट्रॅक्टरच्या उदाहरणाने सांगतो. दारू ही मेंदूवर दाबलेला ब्रेक आहे. रोज ब्रेक दाबून गाडी चालवायची तर चालकाला रेस वाढवावी लागते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू नेमके हेच करतो. तो आपली रेस कायमची वाढवून ठेवतो. मग एके दिवशी ब्रेकवरचा पाय एकदम उचलला तर काय होईल? रेस तशीच असते आणि गाडी सुसाट सुटते. हात कापणे, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप न येणे, ही त्या सुटलेल्या गाडीची पहिली चिन्हे होत.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हा त्रास सुरू होतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. पूर्वी कधीही फिट न आलेल्या माणसालाही ती येऊ शकते. सर्वांत धोक्याचा काळ दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंतचा. या काळात काहीजण भ्रमिष्ट होतात. अंगावर मुंग्या चढताहेत, आढ्यावर साप आहे, कोणी मारायला आले आहे, असे त्यांना दिसू व ऐकू येऊ लागते. बायकोला ओळखत नाहीत, रात्रभर अंथरूण चाचपत राहतात, ताप चढतो.

नेमके याच वेळी घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "ह्याला बाहेरचं लागलंय." दारू तर दोन दिवसांपूर्वीच सोडली, तेव्हा हा दारूचा परिणाम कसा असेल, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. हा हिशेब चुकतो, कारण हा परिणाम दारूचा नसून ती अचानक तुटल्याचा असतो. मग रोग्याला देवऋष्याकडे नेतात, लिंबू उतरतात, कोणी गोठ्यात बांधून घालतात. ज्या रात्री त्याला दवाखान्यात असायला हवे ती रात्र अशी जाते. हा भ्रम उपचाराने बरा होतो आणि उपचाराविना जीव घेऊ शकतो. बांधून घालण्याविषयी एवढेच सांगतो की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मनाचे विकारही येतात आणि अशा रुग्णाला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. कोणी "केंद्र" म्हणवणाराही ते करू शकत नाही.

दुसरी गोष्ट सलाईनची. आपल्याकडे अशक्तपणा आला की "डॉक्टर, एक बाटली लावा" असे म्हणण्याची पद्धत आहे. सतत पिणाऱ्या माणसाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेले असते. त्याचे जेवण तुटलेले असते, आणि जे खातो तेही आतड्यातून नीट शोषले जात नाही. अशा वेळी आधी थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर उरलेसुरले थायमिन खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा पोहोचण्याची भीती असते. चालताना झोक जाणे, डोळे तिरळे होणे आणि गोंधळणे ही त्याची चिन्हे. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की, हा रोज दारू पिणारा आहे, शेवटची दारू अमुक वेळी घेतली. किती पीत होता तेही खरे सांगावे. लाजेने दोन क्वार्टरची अर्धी क्वार्टर करू नये. औषधाची मात्रा त्यावर ठरते.

दवाखान्यात या दिवसांत डायझेपामच्या वर्गातील गोळ्या देतात आणि त्या रोज थोड्या थोड्या कमी करत साधारण आठवड्याभरात बंद करतात. वाढलेली रेस हळूहळू खाली आणण्याचेच हे काम आहे. या गोळ्या स्वतः दुकानातून आणून घेऊ नयेत. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो.

आता आपल्या भागातली एक रीत सांगतो. श्रावण पाळण्याची. वर्षभर पिणारा माणूस गटारी अमावस्येला भरपूर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवत नाही. त्याचे कौतुक होते. "मनात आणलं तर तो सोडू शकतो" असे गावात बोलले जाते. कधीमधी पिणाऱ्याला या महिन्याचा फायदाच होतो. पण ज्याच्या शरीराला सवय जडली आहे त्याच्यासाठी हा दरसालचा धोका आहे, कारण सर्वांत जास्त पिण्याच्या दिवसाला लागूनच एकदम तोडणे येते. शिवाय असे सोडणे आणि पुन्हा धरणे जितक्या वेळा होते, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो, असे वैद्यकशास्त्र सांगते. गेल्या श्रावणात नुसते हात कापले म्हणून यंदाही तेवढ्यावरच भागेल असे धरून चालू नये. श्रावण पाळायचा असेल तर अवश्य पाळावा, फक्त आषाढातच एकदा डॉक्टरांना दाखवून यावे. आपल्या तालुक्यात ते दिवस धुवाधार पावसाचे. ओढ्याला पाणी आले की वाडीचा रस्ता बंद होतो. मग मध्यरात्री फिट आली तर १०८ ची गाडी पोहोचणार कशी?

अचानक तोडण्याचे परिणाम सबंध देशाने एकदा पाहिले आहेत. २०२०च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि दारूची दुकाने एका दिवसात बंद पडली. ती मे महिन्याच्या सुरुवातीला उघडू लागली. मधल्या काळात ठिकठिकाणच्या दवाखान्यांत कंप, फिट आणि भ्रमाचे रुग्ण आले. केरळात दारू न मिळाल्याने काहींनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दुकाने बंद असताना काहीजण हात धुण्याचे सॅनिटायझर प्याले आणि प्राणास मुकले. त्यांना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते उपचाराविना राहिलेले रुग्ण वाटतात. म्हणूनच ज्या गावांत भगिनी मतदान करून बाटली आडवी करतात, त्यांना माझी विनंती आहे की दुकान बंद होण्याच्या आठवड्यात गावातील रोज पिणाऱ्यांची आरोग्य तपासणीही ठरवून घ्यावी. दुकान बंद झाले म्हणजे माणूस बरा झाला असे होत नाही.

आपल्या देशात उपचार किती जणांपर्यंत पोहोचतो? केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करून घेतलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, त्यांपैकी ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे, आणि व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. बाकीचे सदतीस आपापल्या वाडीवर, आपापल्या घरच्यांच्या हवाली आहेत.

महाराष्ट्रात या कामाची वाट पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने घालून दिली. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. गर्द तुटताना माणूस तळमळतो, पण त्याने मृत्यू क्वचितच ओढवतो. दारू तुटताना मात्र मृत्यू येऊ शकतो. हे पुष्कळांना उलटे वाटते.

मुक्तांगणचा निवासी उपचार ३५ दिवसांचा. त्यांतील पहिले काही दिवस शरीरातून दारू उतरवण्याचे आणि बाकीचे सारे मनाचे. दारूचा शारीरिक अंमल उतरायला आठवडा पुरतो, तरी तेथे महिनाभर ठेवून घेतात, याचा अर्थ आपण ध्यानी घ्यावा. तेथे मारहाण नाही. बरे झालेले पूर्वीचे रुग्णच नव्या रुग्णांची देखभाल करतात. एक वर्ष दारूविना काढले की त्या माणसाचा वाढदिवस साजरा होतो. रुग्णांच्या पत्नींसाठी "सहचरी" नावाचा गट डॉ. अनिता अवचटांनी सुरू केला, कारण घरधनी प्यायला की घरातली बाईही आजारी पडते, हे त्यांनी ओळखले. त्या १९९७ साली गेल्या. काम पुढे चालू राहिले.

सर्वांनाच पुण्याला जाणे जमणार नाही. मलकापूरहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तेथे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मनोविकार विभाग आहे. जाण्यापूर्वी फोनवर विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे शासनाचे विनामूल्य क्रमांक आहेत. दुसऱ्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पहिला आठवडा पार पडला आणि माणूस घरी आला, की घरच्यांना वाटते संकट टळले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या हाती ट्रॅक्टरची चावी देतात, "बसून काय करणार" म्हणून कडबा कुट्टीवर उभे करतात. असे करू नये. गोळ्यांची गुंगी असते, फिटची शक्यता पूर्णपणे गेलेली नसते. डॉक्टर सांगेपर्यंत ट्रॅक्टर, कुट्टी यंत्र, विहिरीत उतरणे, झाडावर चढणे आणि मोटारसायकल ही पाच कामे त्याला देऊ नयेत. वैरण आणणे, खुरपणी, जनावरांना पाणी दाखवणे ही कामे चालतील, आणि ती द्यावीतच, कारण रिकामी संध्याकाळ त्याला खायला उठते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कीटकनाशकाची. दारू सुटल्यावर डोके स्वच्छ होते आणि मग इतक्या वर्षांत काय काय गेले याचा हिशेब समोर येतो. सोसायटीचे कर्ज, गहाण पडलेले डाग, मुलीच्या लग्नात झालेला तमाशा. या काळात मन फार खचते. आपल्या घरात भातावर मारायचे औषध पडवीत किंवा खाटेखाली असते. ते पहिल्याच दिवशी उचलून कुलपात ठेवावे, चावी दुसऱ्याकडे द्यावी, शक्य तर शेजाऱ्याच्या घरी ठेवावे. "माझं आता काय राहिलंय" अशी भाषा कानावर आली तर ती दारूची बडबड समजून सोडून देऊ नये. तो शुद्धीवर आहे. त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

झोप लवकर परत येत नाही. काहींना कित्येक आठवडे लागतात. पहाटे दोनला उठून माणूस पडवीत बसलेला दिसेल, चिडचिड करील. ही बरे होण्यातलीच अवस्था आहे. गोड खाण्याची इच्छा वाढते, तर गुळाचा खडा, शेंगदाण्याचा लाडू द्यावा, मधुमेह नसल्यास. भूक लागली की दारूची आठवण जास्त होते, म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे गुत्त्याच्या वेळेला, त्याच्या पुढ्यात नाचणीची भाकरी आणि उसळ यावी. हा उपाय साधा आहे, पण त्याने ती एक घटका टळते. ओढ आली तरी ती वाढत वाढत जाऊन बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कोणीतरी सोबत हवे.

पैशाचे काय? उसाचे बिल मोठे असते, ते सर्वांच्या ध्यानात राहते. माझ्या मते दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल अधिक धोक्याचे, कारण ते नेमके एका बैठकीपुरते असते. पहिले तीन महिने हे बिल घरातील बाईच्या हाती यावे, अशी व्यवस्था करावी. मात्र ती त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने करावी. चोरून केली तर तो तिला शिक्षा समजेल.

इथे बसलेल्या भगिनींशी दोन शब्द. तो घरी आला की तोंडाचा वास घेऊन पाहण्याचा मोह होतो. इतकी वर्षे फसवणूक झाल्यावर तो होणारच. तरीही रोज झडती घेऊ नये. "दिवस कसा गेला?" एवढेच विचारावे. विश्वास लगेच बसणार नाही, आणि तो बसल्याचे सोंगही करण्याची गरज नाही. तसे त्याला सरळ सांगावे. त्याने हात उगारला तर मात्र सोसत राहू नये. आजार हे मारहाणीचे कारण म्हणून मान्य करता येत नाही.

"रोग्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती आपण एस.टी. स्टँडवर वाचतो. भाजीत किंवा चहात मिसळायच्या या पुड्यांत काय असते, ते विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक अधिकृत औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्याली तर तोंड लाल होते, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. याचा उगम मजेशीर आहे. अमेरिकेत रबराच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना दारू सोसेनाशी झाल्याचे एका डॉक्टरने १९३७ साली नोंदवले होते. पुढे १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याच रसायनाचा उपचारासाठी उपयोग पुढे आणला. हे औषध रुग्णाच्या माहितीने आणि तपासणीनंतरच द्यायचे असते. न सांगता दिले आणि तो नेहमीसारखा गुत्त्यावर गेला, तर तिथेच कोसळू शकतो. तेव्हा माउलीच्या मायेने टाकलेली पुडी मरणाला कारण व्हायची.

आणि इतके सगळे करूनही पाय घसरला तर? अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही व्यसनी माणसांनी एकमेकांना सावरण्यासाठी चालवलेली संघटना आता जगभर आहे, भारतातही १९५०च्या दशकापासून आहे. तिचे दोन संस्थापक, बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, अमेरिकेतील अॅक्रन गावी मे १९३५ मध्ये भेटले. डॉक्टर स्मिथनी दारू सोडली. काही आठवड्यांत ते वैद्यकीय परिषदेसाठी परगावी गेले आणि तिथे पुन्हा भरपूर प्याले. परत आल्यावर मित्राने त्यांना हाकलले नाही. शेजारी बसून सावरले. त्यानंतर स्मिथ यांनी मरेपर्यंत दारू घेतली नाही, आणि संघटना आपला जन्मदिवस १० जून १९३५ धरते, म्हणजे त्या घसरणीनंतरचा. घसरलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी येऊन सांगितले तर काम सोपे असते. आपल्याकडे तो सांगत नाही, कारण सांगितले तर भावकी हसते. मग एक दिवसाचे महिन्यावर जाते.

गावाने काय करावे, हे मी थोडक्यात सांगतो, कारण ते अवघड नाही. पैऱ्याला बोलावताना संध्याकाळच्या बाटलीचे आमिष ठेवू नये. बेंदराला, गणपतीत, म्हाईच्या पंगतीत "आज एक दिवस घे, त्यानं काय हुतंय?" असा आग्रह करू नये. त्या एका घोटाने पुष्कळ होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याच्या घरी बाटली पोहोचवणाऱ्याला चार जणांनी बोलावून समज द्यावी. आणि त्याला सोसायटीच्या सभेला, भजनाला, दूध संकलनाच्या कामाला पूर्वीसारखे हाक मारून न्यावे. त्याचे जुने मित्र सगळे गुत्त्यावरचे असतात. ते सुटल्यावर त्याला बसायला दुसरी जागा लागते.

पेरण्या तोंडावर आहेत. रोहिणी लागायच्या आधी, रस्ते उघडे आहेत तोवर, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी कोल्हापूरची एक फेरी करून घ्यावी. चारचौघांत विचारायला ज्यांना अवघड वाटते त्यांच्यासाठी मी मेळावा संपल्यावर माती परीक्षणाच्या टेबलाशेजारी बसणार आहे. मातीचा नमुना घेऊन आलात तरी चालेल, कोणाला कळणार नाही.